भिंतीबाहेर आलेला नळ

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने झाली आहेत. आज मी नळाच्या तोटीवर बोलणार आहे, आणि तेही सगळ्या तोट्यांवर नव्हे, तर भिंतीतून जरुरीपेक्षा जास्त बाहेर आलेल्या तोटीवर. विषय ऐकून मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली, ती माझ्या कानावर आली. हरकत नाही. माझी उमेद बांधकामाच्या कामावर देखरेख करण्यात गेली आहे आणि तोटी हा विषय मी तिथेच शिकलो. हसणाऱ्यांनी घरी गेल्यावर एवढेच करावे : मोरीतल्या नळामागे बोट घालून पाहावे. तोटीच्या मागे जी गोल चकती असते, जिला आपण फ्लँज म्हणतो, ती भिंतीला टेकली आहे का? की तिच्यामागे बोट जाईल एवढी फट आहे आणि त्या फटीतून आटे दिसतात? माझा अंदाज असा की या सभागृहातल्या पुष्कळ घरांत फट निघेल.

नळ बाहेर आलेला असला तर बिघडले काय? पाणी तर येतेच. दिसायला वाईट दिसते एवढीच तक्रार बहुतेक जण करतात. पण दिसण्याची गोष्ट मी सर्वांत शेवटची धरतो. आधी त्याच्या ताकदीचा हिशेब करू. आठवी-नववीच्या मुलांना तरफ शिकवलेली आहे, त्यांनी तो माझ्याबरोबर करावा.

नळाचे तोंड भिंतीपासून ८ सेंटिमीटरवर आहे असे समजा. त्यावर भरलेली १५ लिटरची बादली अडकवली. आपल्या घरांत ती अडकवली जातेच, नाही म्हणू नका. बादलीचे वजन सोडून देऊ. नुसते पाणी १५ किलो. म्हणजे भिंतीपाशी १५ गुणिले ८, एकशेवीस किलो-सेंटिमीटरचा ताण आला. आता तोच नळ १६ सेंटिमीटर बाहेर आहे. बादली तीच, पाणी तेच, ताण मात्र दोनशेचाळीस. आणि हा ताण नेमका कुठे पडतो? तोटी जिथे भिंतीतल्या एल्बोत पिळलेली असते, तिथे पहिल्या आट्याशी. आटे पाडताना धातू कोरला जातो, त्यामुळे नळाचे ते सर्वांत पातळ ठिकाण. आणि ते भिंतीच्या आत, डोळ्यांआड असते.

पुष्कळांची समजूत अशी की नळ पाण्याच्या दाबाने तुटतो. तेही तपासू. गच्चीवरची टाकी नळापासून ५ मीटर उंच असेल तर दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. अर्ध्या इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण २१ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे साडेतीन चौरस सेंटिमीटर. पाणी तोटीला बाहेर ढकलते ते पावणेदोन किलोच्या जोराने. एवढ्याने काही पितळ तुटत नाही. तोटी तुटते ती आपल्या हाताने, बादलीने, घागरीच्या धक्क्याने, त्यावर पाय देऊन खिडकीत चढणाऱ्या पोराने. नळ जितका बाहेर, तितका तो वाटेत येतो आणि तितका धक्का मोठा.

दाबाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. इथून शंभरएक किलोमीटरवर विजापूर आहे. तिथे आदिलशाहीच्या काळात शहराबाहेरून मातीच्या नळ्यांतून पाणी आणले होते, आणि वाटेत ठिकठिकाणी 'गंज' नावाचे उंच चौकोनी मनोरे बांधले होते. पाणी मनोऱ्यात चढायचे, मोकळे व्हायचे आणि पुढे जायचे. दाब वाढून नळ्या फुटू नयेत, गाळ खाली बसावा, हा त्यामागचा हेतू. ते मनोरे आजही उभे आहेत. सहलीला गोलघुमट पाहून परत येता, त्याऐवजी एखादा गंजही पाहा. मातीच्या नळीला काय सोसेल आणि काय सोसणार नाही हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

आता आपल्या सोलापूरची गोष्ट. एकरुखचा तलाव, टाकळीजवळ भीमेचे पाणी, आणि १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण, जिथून सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या नळातून पाणी शहरात येते. एवढे सगळे असूनही सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे तीन-तीन, चार-चार दिवसांआड पाणी भरले आहे. त्यामुळे आपल्या घरात नळ म्हणजे नुसता नळ नसतो. त्याच्यामागे भरून ठेवलेली टाकी असते, आणि त्या टाकीत चार दिवसांचा संसार असतो.

शहराच्या जुन्या भागातल्या एका घरी मी स्वतः पाहिलेला प्रकार सांगतो. मोरीचा नळ चांगला तीन इंच फाजील बाहेर होता. घरात सगळ्यांना त्याची सवय झाली होती. येता-जाता कंबर वळवून जायचे. पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या पहाटे घरातल्या आजी अंधारात मोरीत गेल्या, तोल गेला, आधारासाठी हात घातला तो नळावर. नळ भिंतीपाशी कटकन मोडला. आजींना सुदैवाने मुका मारच लागला. पण मोडलेला तुकडा एल्बोत अडकून राहिला, टाकीखालची चावी गंजून बसलेली, फिरेना. घरच्या माणसांनी कापडाचे बोळे कोंबेपर्यंत टाकी गल्लीत वाहून गेली. पुढचे पाणी तीन दिवसांनी. ते तीन दिवस त्या घराने शेजाऱ्यांच्या घागरींवर काढले. शेजार चांगला म्हणून निभावले.

तेव्हा नळ बाहेर का येतो, ते पाहू. कारण कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

भिंतीच्या आत पाइप असतो, त्याच्या टोकाला काटकोनात वळलेला एल्बो असतो, आणि एल्बोचे तोंड खोलीकडे असते. त्या तोंडात तोटी पिळायची. भिंतीला गिलावा आणि फरशी लागून जे पृष्ठ शेवटी तयार होते, त्याच्याशी एल्बोचे तोंड समतल हवे. फार तर दोन-तीन मिलिमीटर आत. सगळी भानगड या एका मापाची आहे. पण एल्बो बसवला जातो तेव्हा ते पृष्ठ अस्तित्वातच नसते! नळकारागीर उघड्या विटांच्या भिंतीत झिरी पाडून पाइप बसवतो आणि जातो. पुढे आठ-पंधरा दिवसांनी गवंडी गिलावा करतो, मग लाद्या लागतात. गिलाव्याची जाडी, खालचा माल, लादी, सगळे मिळून इंचभर तरी होते. या इंचाचा अंदाज चुकला की नळ एकतर भिंतीत बुडतो किंवा भिंतीबाहेर लोंबतो. गवंडी म्हणतो प्लंबरने चूक केली, प्लंबर म्हणतो गवंड्याने. मी दोघांची बाजू पुष्कळ ऐकली आहे. दोघेही एकमेकांना न भेटता काम करून गेलेले असतात, हे खरे.

म्हणून पहिले काम मोजण्याचे. पाणी बंद करा, तोटी उघडून पाइपातले उरलेले पाणी काढा, आणि तोटी डावीकडे फिरवून सोडवा. आता आत डोकावा. मागे एल्बोचे तोंड लगेच दिसते की मध्ये पितळेची आणखी एक नळी आहे? त्या नळीला दुकानात एक्स्टेंशन म्हणतात. एका टोकाला बाहेरून आटे, दुसऱ्या टोकाला आतून. एल्बो भिंतीत खोल गेला असला की तोटीपर्यंत पोचायला हा तुकडा जोडतात.

एक्स्टेंशन निघाले तर आनंद माना. निम्म्या घरांत दुखणे तेवढेच असते. एल्बो पाऊण इंच आत होता, कारागिराच्या पिशवीत दोन इंचाचे एक्स्टेंशन होते, त्याने तेच लावले. सव्वा इंच फुकट बाहेर. ते काढायचे, आणि एल्बोच्या तोंडापासून फरशीच्या पृष्ठापर्यंतची खोली एका सरळ काडीने मोजायची. काडी आत टेकवा, फरशीशी नखाने खूण करा, पट्टीवर ठेवा. ती काडी आणि जुना तुकडा दोन्ही घेऊन दुकानात जा. तोंडी माप सांगू नका. कोणी आटे धरून लांबी सांगतो, कोणी सोडून, आणि घरी आल्यावर वाद होतो. अर्ध्या इंचापासून तीन इंचांपर्यंत निरनिराळ्या लांबीचे तुकडे मिळतात. बरोबर लांबीचा मिळाला नाही तर बाहेरच्या आट्यांचा भाग लांब असलेला तुकडा घेऊन तो करवतीने कापता येतो. मात्र एल्बोत निदान सहा-सात आटे गेले पाहिजेत, आणि कापलेल्या तोंडाची कूस कानशीने काढली पाहिजे, नाहीतर ती पहिल्याच आट्याला खाते.

एक्स्टेंशन नाही, एल्बोच बाहेर आला आहे, असे दिसले तर मात्र थांबा. इथे माणसे हमखास एक प्रयोग करतात : तोटी आणखी पिळली की ती आत जाईल. विद्यार्थी मित्रांनो, याचे गणित करा. अर्ध्या इंची पाइपाला एका इंचात १४ आटे असतात. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचे एक प्रमाण मांडले, त्याच घराण्यातले हे आटे, आणि आपल्या देशात आजही तेच चालतात. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, १४ ने भागले तर एका आट्याचे अंतर १.८ मिलिमीटर. म्हणजे तोटी पूर्ण एक फेरा फिरवली की ती जेमतेम १.८ मिलिमीटर आत सरकते. नळ इंचभर बाहेर असेल तर १४ फेरे हवेत. एवढे आटे तोटीलाही नसतात आणि एल्बोलाही नसतात. शिवाय पाइपाचे बाहेरचे आटे सरळ नसून किंचित निमुळते असतात, सोळाला एक या प्रमाणात. जसजसे आत जाल तसतसे ते आवळत जातात. जोर केला तर तोटी आत जात नाही, एल्बो चिरतो. हल्ली भिंतीत सी.पी.व्ही.सी.चा प्लास्टिक एल्बो असतो, त्याच्या तोंडात पितळेची कडी बसवलेली. हातभर लांब पान्याने त्याला पिळले की कडीभोवतीचे प्लास्टिक केसाएवढे फाटते. त्या दिवशी काही दिसत नाही. महिन्याने पलीकडच्या खोलीत पोपडे निघतात.

अर्धा इंच नावाचा पाइप मोजला तर अर्धा इंच कुठेच सापडत नाही, हेही जाता-जाता सांगतो. बाहेरून तो २१ मिलिमीटर. जुन्या काळी लोखंडी पाइपाचे आतले भोक अर्ध्या इंचाच्या आसपास असायचे, त्यावरून नाव पडले आणि चिकटून राहिले. मुलगा दुकानात पट्टी घेऊन गेला आणि गोंधळला तर त्याला रागावू नका.

बरे, एल्बोच बाहेर असेल तर उपाय दोन. एक, एल्बो मागे न्यायचा. दोन, भिंत पुढे आणायची.

एल्बो मागे न्यायचा म्हणजे फरशी फोडून झिरी खोल करायची, पाइप कापून नवा एल्बो जोडायचा. भिंत नऊ इंची असेल तर खुशाल करा. पण मोरीची आडवी भिंत पुष्कळदा साडेचार इंची, एका विटेच्या रुंदीची असते. बांधकामातला सर्वसाधारण नियम असा की भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नेऊ नये आणि आडवी एक षष्ठांशाहून. साडेचार इंची भिंतीत उभी दीड इंच, आडवी पाऊण इंच, संपले. त्यापुढे छन्नी चालवली तर पलीकडच्या खोलीतली खुंटी हातात येईल.

आणि जुन्या सोलापुरातल्या माळवदाच्या घरांचे काय? त्यांच्या भिंती दोन-दोन हात रुंद, पण आत काय आहे? दगड आणि पांढरीची माती. वरून चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा. अशा भिंतीत छन्नीने झिरी मापाची पडत नाही, ओंजळभर माती ढासळत जाते. त्याहून वाईट म्हणजे पाणी. पांढरीची माती कोरडी असते तोवर भिंत शंभर वर्षे उभी राहते. आत नळ झिरपू लागला की ती माती लोण्यासारखी मऊ होते आणि वर माळवदाचा सगळा भार असतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, कोणाला जुनाट वाटले तरी : मातीच्या भिंतीत पाइप पुरूच नये. तो भिंतीवरून, कड्या मारून उघडा न्यावा. दिसायला सुंदर नाही. पण गळला तर त्याच दिवशी दिसतो.

दुसरा उपाय, भिंत पुढे आणण्याचा, मला जास्त आवडतो आणि तो स्वस्तही आहे. एल्बो पाऊण इंच बाहेर असेल तर तेवढ्याच जाडीची शहाबादी फरशीची किंवा ग्रॅनाइटची वीतभर पट्टी घ्या. ग्रॅनाइटच्या दुकानात उरलेले तुकडे पडलेले असतात. तिला मध्ये भोक पाडून घ्या, एल्बोवरून घाला, मागे माल भरून भिंतीला चिकटवा. एका रांगेत दोन-तीन नळ असतील तर एकच लांब पट्टी सगळ्यांमागून न्या. मुद्दाम केल्यासारखी दिसते. मग तोटी लावली की फ्लँज दगडाला टेकते. नळाचे तोंड भिंतीपासून तितकेच दूर राहते, हे खरे. पण आता उघडा, अधांतरी भाग उरत नाही, एल्बोभोवती दगडाची पकड येते आणि ताण एका आट्यावर न पडता पट्टीवर पसरतो.

बाजारात खोल, वाटीसारखी फ्लँजही मिळते. ती लावली की फट झाकली जाते. अर्ध्या इंचापर्यंतच्या फटीला, आणि नळ हाताने हलवून पाहिला तर जराही हलत नसेल तरच, ती लावायला माझी ना नाही. पण हलणाऱ्या नळावर वाटी चढवणे म्हणजे दुखऱ्या दातावर चांदीचे टोपण. आतले झिरपलेले पाणी त्या वाटीत साठते आणि भिंतीला पाजले जाते.

कधी-कधी भिंतीचा दोषच नसतो, तोटीच लांब अंगाची असते. दुकानात आखूड अंगाची आणि लांब अंगाची अशा दोन्ही मिळतात. लांब तोटी खोल हौदावर किंवा रुंद कठड्यामागे लावायची वस्तू आहे. ती अरुंद मोरीत लागली की गुडघ्याला लागते. वजूच्या जागी तर हे फार जाणवते : माणूस बसलेला असतो, नळ पुढे आलेला असला की पाणी नालीत न पडता कपड्यांवर पडते. तिथे नुसती तोटी बदलली की काम झाले. स्वयंपाकघरात सिंकवरचा फिरता नळ पुढे येऊन पाणी काठावर उडवत असेल, तर पुष्कळ कंपन्यांच्या नळात पुढची वाकडी नळी तेवढी निराळी सुटते. ती आखूड आणून बसवा. पैसे वाचतात.

प्रत्यक्ष बसवण्याच्या कामात दोन-तीन गोष्टी सांभाळल्या की बाकी सोपे आहे. काम पाणी येण्याच्या दिवशी काढू नका, आणि संध्याकाळी तर कधीच नाही. काहीतरी मोडणार, आणि तेव्हा दुकान बंद झालेले असणार. टाकीखालची चावी आधी फिरवून पाहा; आज नळ दुरुस्त करायचा नसला तरी पाहा. जुना लोखंडी पाइप असेल आणि तोटी सोडवताना ती कडक न लागता लिबलिबीत फिरत असेल तर हात थांबवा, कारण तोटी नव्हे, आतला गंजलेला पाइप पिळला जातो आहे. पितळेची तोटी आणि लोखंडी पाइप यांची गाठ पडते तिथे गंज लवकर धरतो. त्यात आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार. अशा सांध्यावर रात्रभर तेल सोडून ठेवावे आणि सकाळी जाणत्या कारागिराला बोलवावे.

पूर्वी आट्यांवर सूत आणि सफेदा लावायचे. आता पांढरी टेफ्लॉन टेप असते. आट्यांचे टोक आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे पिळताना ती आवळते. उलट गुंडाळली तर उलगडून गोळा होते. पातळ टेपचे आठ-दहा वेढे पुरतात. तोटी घट्ट झाली पण तिचे तोंड खाली न राहता बाजूला राहिले, तर ती मागे फिरवून खाली आणायचा मोह होतो. मागे फिरवलेला सांधा गळतो. पूर्ण काढा, टेप कमी-जास्त करा, पुन्हा लावा. दोनदा लागेल, तीनदा लागेल.

मग चाचणी. सांधा कोरड्या फडक्याने पुसा, भोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा, पाणी सोडा आणि चहा घेऊन या. कागद कोरडा असेल तर रात्रभर तसाच ठेवा. सकाळीही कोरडा निघाला तरच माल भरा. एवढा उशीर कशासाठी, असे घरचे विचारतील. सेकंदाला एक थेंब गळला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे चार लिटरांच्या वर पाणी. चार दिवसांत सतरा लिटर. आपल्या शहरात एवढ्या पाण्यासाठी बायामाणसांनी पहाटे उठून रांगा लावल्या आहेत.

पालकांना एक सांगतो. ओडिशात केंद्रापाडा नावाचा जिल्हा आहे, त्यात पट्टामुंडाई हे गाव. त्या भागातले नळकारागीर हिंदुस्थानभर, आखातातसुद्धा कामाला गेले आहेत, आणि तिथे सरकारने नळकामाची स्वतंत्र शिक्षणसंस्थाच काढली. एका मुलुखाने एक हुन्नर धरला आणि पिढ्यांनी तो वाढवला. सोलापूरला हे नवे नाही. चादरीच्या बाबतीत आपण हेच केले. आय.टी.आय.मध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. मुलगा त्यात गेला म्हणून घरात मातम करण्याचे कारण नाही. आणि मुलींनाही पाना धरू द्या. नळ मोडतो तेव्हा घरात बहुधा त्याच असतात.

आता नवीन घर बांधणाऱ्यांसाठी, कारण फोडून दुरुस्त करण्यापेक्षा ते स्वस्त. कुंभारीच्या रे नगरात २०२४ च्या जानेवारीत पंधरा हजार कामगार कुटुंबांच्या हाती घरांच्या किल्ल्या आल्या. कितीतरी घरांना पहिल्यांदाच स्वतःच्या भिंती मिळाल्या. माणूस नव्या घरात आला की वर्षा-दोन वर्षांत मोरीला मनासारख्या लाद्या लावतो. जुन्यावरच नवी लादी चढवली की भिंत पुढे येते आणि नळ आत बुडतो; जुनी फरशी मालासकट उखडून पातळ लादी लावली की नळ बाहेर येतो. म्हणून लादी आधी विकत घ्या आणि तिचा एक तुकडा प्लंबरच्या हातात द्या. गवंड्याला म्हणा, गिलाव्याच्या जाडीचे दोन ठिपे आधी मारून दे. त्या ठिप्यांवरून ओळंबा सोडा, लादी आणि खालचा माल यांची जाडी मिळवा, आणि एल्बोचे तोंड त्या रेषेला लावा. एल्बो सिमेंटने पक्का करण्यापूर्वी त्यात वीतभर पाइपाचा तुकडा पिळून काटकोन तपासा, कारण एल्बो वाकडा बसला तर तोटीही आयुष्यभर वाकडी पाहते. गिलाव्याआधी पाणी भरून एक रात्र ठेवा.

आणि भिंत बंद होण्यापूर्वी, पाइप उघडे असतानाच, मोबाईलवर प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. फोटोत एल्बोशेजारी मोजपट्टी उभी धरा, आकडे वाचता येतील अशी. ते फोटो कागदावर छापून घराच्या कागदपत्रांत ठेवा; मोबाईल बदलतात, खरेदीखताची पिशवी बदलत नाही.